घर समुद्राकाठी की माणसांजवळ?

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून,’ असं आपण म्हणतो. आमच्या शेजारच्या अव्वा तेच कन्नडमध्ये म्हणतात, ‘मने कट्टी नोडु, मदुवे माडी नोडु.’ सीमाभागात दोन भाषांचं ज्या गोष्टींवर पूर्ण एकमत आहे, त्यांतली ही एक. घर उभं करताना काय हाल होतात याची धास्ती दोन्ही म्हणी घालतात. ते कुठं असावं याबद्दल मात्र दोन्ही गप्प आहेत. हा प्रश्न माझ्यापुढे आला तो भोपाळच्या टी. टी. नगरात लहानाची मोठी झालेल्या एका आजींमुळे, आणि निमित्त होतं मॉरिशस बेटाचं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन भोपाळला गेली त्याला तीस वर्षं होतील. दाजी मध्य प्रदेश सरकारच्या नोकरीत. २०२४ च्या दिवाळीत मी आठ दिवस त्यांच्याकडे होते. त्याच आठवड्यात भाच्याला मॉरिशसच्या नोकरीचं पत्र आलं. कचेरी एबेन या गावी. तिथं संगणक कंपन्यांची मोठी वसाहत आहे. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय सुरू झाला : राहायचं कुठं? भाचा, त्याची बायको आणि तीन वर्षांची मुलगी असे तिघं जाणार. पुढे सूनबाईही तिथं काम शोधणार. तेव्हा पोरीला सांभाळायला अक्कानं आणि तिच्या सासूबाईंनी दोन महिने जाऊन राहावं, असं चाललं होतं.

या सासूबाईंना घरातले सगळे आजी म्हणतात, मीही म्हणते. वय सत्त्याहत्तर. पाठ ताठ, आवाज खणखणीत, फक्त गुडघे कुरकुरतात.

१ नोव्हेंबर १९५६

टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. तात्या टोपे येवल्याचे. १८५९ मध्ये शिवपुरीला ते फासावर गेले. भोपाळच्या या सरकारी वसाहतीला त्यांचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगितलं तर तो क्षणभर विचारात पडतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. ही तारीख आपल्या भागात वेगळ्या कारणानं पाठ आहे. त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. आपण आपल्या घरातच राहिलो आणि राज्य बदललं. तिकडे जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं, आणि तिथल्या सचिवालयातल्या कितीतरी मराठी कुटुंबांना नोकरीपाठोपाठ भोपाळला जावं लागलं. आजींचे वडील त्यांपैकी एक कारकून. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. ट्रंका, पाटा-वरवंटा आणि तुळशीची कुंडी घेऊन आपण भोपाळच्या स्टेशनवर उतरलो, हे त्या अजून काल घडल्यासारखं सांगतात.

पुढे टी. टी. नगरात क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे परसू, परसात पेरू. ओळीत एक घर नागपूरचं, एक ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचं, एक इंदूरचं, एक रीव्याच्या हिंदी बोलणाऱ्यांचं. पोरांची भाषा अशी झाली की वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. आपल्याकडे कन्नडचं होतं तसंच. ‘आम्ही कुठं निवडलं होतं बाई,’ आजी म्हणाल्या, ‘सरकारनं चावी दिली, आम्ही कुलूप उघडलं.’ आजींचं माहेर उत्तर टी. टी. नगर आणि सासर दक्षिण टी. टी. नगर. साठ वर्षं न्यू मार्केटपर्यंत पायी जाऊन भाजी आणली.

२०१६ मध्ये टी. टी. नगरची ३४२ एकर जागा स्मार्ट सिटी योजनेसाठी निवडली गेली आणि नंतरच्या वर्षांत क्वार्टरांच्या जुन्या ओळी एकेक करून पाडल्या गेल्या. सरकारी घर कधीतरी सोडायचंच असतं, त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नाही. दाजींनी कोलार रोडच्या बाजूला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. छान हवेशीर आहे. बाल्कनीतून लांबवरचा हिरवा पट्टा दिसतो. मी होते त्या आठ दिवसांत आजी खाली एकदाही उतरल्या नाहीत. तेव्हा ते माझ्या फारसं लक्षात आलं नाही.

समुद्रासमोरचं घर

भाच्यानं इंटरनेटवरून घर जवळजवळ पसंत केलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरचं फ्लिक आं फ्लाक नावाचं गाव, पांढरी वाळू, निळं पाणी, गॅलरीतून सूर्यास्त. सगळ्यांनी फोटो पाहिले. आजींनी चष्मा लावून पाहिले आणि विचारलं, ‘काहून रे बाळा, दिवसभर समुद्राकडे पाहून पोट भरते का? भाजी कुठं मिळते?’

‘आजी, गाडी असणार आहे ना.’

‘गाडी तुझी. तू ऑफिसात. मी आणि पोरगी कुठं जाऊ?’

भाचा माझ्याकडे वळला. ‘मावशी, तू भूगोल शिकवतेस ना? सांग हिला.’ मी नकाशा उघडला खरा, पण नकाशा आजींच्याच बाजूनं बोलू लागला.

मॉरिशस बेट उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५ किलोमीटर. आपला एखादा मोठा तालुका धरा. पण एवढ्याशा बेटावर हवा चार कोसांवर बदलते. मध्ये पठार आहे, आणि वर्षातला बराच काळ वारा आग्नेयेकडून येतो. समुद्रावरून आलेले ढग पठारावर चढताना रिकामे होतात आणि पश्चिम किनाऱ्यावर कोरडे पोचतात. क्यूरपीप हे साडेपाचशे मीटर उंचीवरचं गाव सतत ओलं असतं. फ्लिक आं फ्लाकचा पाऊस त्याच्या मानानं अगदी थोडा. आपल्याच जिल्ह्यात खानापुरात छत्री मिटत नाही आणि अथणीला लोक आभाळाकडे बघत बसतात, तसाच हा प्रकार. ज्यांनी खानापूरच्या घरातली जुलैतली बुरशी पाहिली आहे, त्यांना क्यूरपीपच्या भिंती वेगळ्या समजावून सांगायला नकोत. उलट उन्हाळ्यात किनाऱ्यावर घामाच्या धारा लागतात. पठारावर त्याच वेळी चार-पाच अंशांचा फरक असतो.

त्यात तिथला उन्हाळा म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल. जुलै-ऑगस्टला थंडी. आणखी एक गंमत आजींना फार आवडली. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य उत्तरेच्या अंगानं जातो. कपडे वाळतात ते उत्तरेच्या गॅलरीत, आणि ओल धरते ती दक्षिणेची भिंत. ‘म्हणजे वास्तुशास्त्राची पोथी उलटी धरून वाचायची,’ असं दाजी म्हणाले.

वारा कुठून येतो?

हसणं थांबल्यावर आजींनी एकदम विचारलं, ‘तिथं वारा जोरात येतो तेव्हा कुठून येतो?’

हा प्रश्न भोपाळचं माणूस सहज विचारत नाही. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. कारखाना शहराच्या उत्तरेला. वारा जुन्या शहराच्या दिशेनं होता आणि तो वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरत तो सखल, दाट वस्त्यांत साचला. कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरसारख्या वस्त्यांत माणसं झोपेतच गेली. टी. टी. नगर तळ्यांच्या अलीकडे, कारखान्यापासून लांब आणि उंचावर. तिथली घरं मोठ्या प्रमाणात वाचली. पहाटे डोळे चोळत, खोकत आलेली माणसं आजींनी दारातून पाहिली आणि घरातला होता नव्हता तो घडा रस्त्यावर नेऊन ठेवला.

‘आमची हुशारी नव्हती ती,’ आजी म्हणाल्या. ‘त्यांनीही ती जागा हौसेनं घेतली नव्हती. ज्याला जिथं परवडलं तिथं तो राहिला. पण ज्याला निवडता येते त्यानं वारा विचारावा.’

मग मी मॉरिशसचा वारा सांगितला. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. फेब्रुवारी १९६० मध्ये ‘कॅरोल’ नावाचं वादळ आलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर गेले होते. लाकडाची, पत्र्याची, गवताची हजारो घरं भुईसपाट झाली. त्यानंतर बेटावर सिमेंटची, सपाट गच्चीची घरं वाढली. आजही घर बघताना लोक खिडक्या कशा बंद होतात ते आधी पाहतात. इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात आणि तिसरी लागली की घराबाहेर पडायचं नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

वाऱ्यापाठोपाठ पाणी. राजधानीचं पोर्ट लुई डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राला लागून. डोंगरावरचं पाणी शहरातूनच खाली येतं. मार्च २०१३ मध्ये अचानक आलेल्या पुरात तिथं अकरा माणसं गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी रस्त्यांवर मोटारी तरंगत होत्या. उलट कोरड्या महिन्यांत बऱ्याच भागांत नळाला वेळ ठरलेली असते, म्हणून गच्चीवर टाकी हवीच. हे मात्र आपल्याला नवीन नाही.

या बेटानं एकदा सगळ्यांचीच राहायची जागा बदलायला लावली होती. १८६६ ते १८६८ या काळात मलेरियाची भयंकर साथ आली. किनाऱ्यावर, विशेषतः पोर्ट लुईत, हजारो माणसं मेली. ज्यांना शक्य होतं ती कुटुंबं उंचावरच्या थंड पठाराकडे सरकली. आगगाडी १८६४ पासून सुरू झालेली होती, म्हणून वर राहून खाली कामाला जाणं जमलं. बो बासें, रोझ हिल, कात्र बॉर्न, क्यूरपीप ही गावं त्या रांगेत वाढली. ती आगगाडी १९६४ मध्ये बंद झाली. २०२० पासून मेट्रो सुरू झाली तीही बऱ्याच अंशी जुन्या रुळांच्याच वाटेनं, आणि २०२२ मध्ये ती क्यूरपीपपर्यंत पोचली. बेटावरचे जुने लोक पठारावर का राहतात आणि किनाऱ्यावर पर्यटक का राहतात, याचं थोडं उत्तर या इतिहासात आहे.

ज्यांना चावीही मिळाली नाही

मॉरिशस म्हटलं की आपल्याला हनिमूनची पत्रकं आठवतात. पण १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर ऊसमळ्यांत नेलेल्या सुमारे साडेचार लाख मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. त्यांत बरीचशी रत्नागिरीकडची. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरायचं आणि मालक सांगेल त्या मळ्यावरच्या झोपड्यांत जायचं. वारा, पाणी, शेजार यांतलं काही विचारायची सोय नव्हती. तो घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

त्यांची नातवंडं-पतवंडं आज वाक्वा आणि पश्चिमेकडच्या गावांत आहेत. घरात बहुतेकांची भाषा क्रिओल झाली, तरी शाळेत मराठी शिकता येतं. जाखडी नाच तिथं ‘झाकरी’ या नावानं टिकून आहे, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. ज्यांना घर निवडता आलं नाही त्यांनी शेजार तयार केला, असं मला हे वाचताना वाटत राहतं. टी. टी. नगरच्या ओळीतही तेच झालं होतं.

आजींचे प्रश्न

त्या रात्री आजींनी बोटं मोडत प्रश्न सांगितले आणि मी ते भाच्याच्या वहीत लिहिले. परगावी, परदेशी जाणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडतील, म्हणून इथं देते.

१. पावसाळी वारा कोणत्या बाजूनं येतो आणि त्या बाजूला खिडक्या किती?
२. पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं आणि नळाला किती वेळ असतं?
३. भाजी, दूध, औषध पायी किती अंतरावर?
४. दवाखान्यात रात्री कसं जायचं?
५. दिवसभर घरी कोण राहणार आहे, आणि त्याला बोलायला कोण आहे?

मी त्यात सहावा घातला : घर न पाहता वर्षाचा करार करू नका. आधी महिनाभर तात्पुरती जागा घ्या, आणि जमल्यास त्या गावाचा सगळ्यांत वाईट महिना अंगावर काढा. फोटोत ओल दिसत नाही, डासही दिसत नाहीत.

भाच्यानं ऐकलं. जानेवारी २०२५ मध्ये तो एकटा पुढे गेला, आणि ऐन उकाड्यात त्यानं पंधरा दिवस फ्लिक आं फ्लाकला आणि पंधरा दिवस कात्र बॉर्नला काढले. समुद्र सुंदरच होता, असं त्यानं कळवलं. पण संध्याकाळी घरी परतेपर्यंत अंधार व्हायचा आणि सूर्यास्त गॅलरीला एकटीलाच दिसायचा. शेवटी कात्र बॉर्नला तळमजल्यावरचं घर ठरलं. एबेन शेजारी, मेट्रो जवळ, ठरावीक वारी भरणारा मोठा भाजीबाजार पायी दहा मिनिटांवर. समुद्राला रविवारी जाता येतं.

ऑगस्टमध्ये अक्का आणि आजी गेल्या. दुसऱ्या आठवड्यात आजींचा व्हिडिओवर फोन आला. अंगात स्वेटर, हातात भाजीची पिशवी. ‘अगं, इथं भेंडीला लालो म्हणतात! आणि कोथिंबिरीला काय म्हणतात सांग?’ मी हरले. ‘कोतोमिली!’ मी ते शेजारच्या अव्वांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘त्यात काय, आमचीच कोत्तंबरी आहे की ती.’ तमिळ मजुरांनी नेलेला शब्द फ्रेंच वळणाच्या तोंडातून फिरून भोपाळच्या मराठी आजींच्या पिशवीत पडला, आणि बेळगावात तो कन्नड अव्वांनी ओळखला.

शेजारी एक म्हातारी बाई होत्या. त्यांचे पूर्वज कोकणातले. त्यांना मराठीत आरती पाठ, पण बोलणं क्रिओलमध्ये. आजींना क्रिओल येत नाही. दोघी रोज सकाळी पायरीवर बसून भाजी निवडायच्या. काय बोलत होत्या ते अक्कालाही कळलं नाही.

परत आल्यावर

ऑक्टोबरमध्ये दोघी भोपाळला परतल्या. आठवड्यानं अक्काचा फोन आला. आवाज बारीक होता. म्हणाली, ‘आई परत खोलीत बसल्यात. तिथं रोज दोनदा बाहेर पडायच्या. मी विचारलं, इथं का नाही जात? तर म्हणाल्या, लिफ्ट बंद पडली तर वर कशी येऊ? आणि खाली ओळखीचं कोण आहे?’

मी गप्प राहिले. अक्काच पुढे म्हणाली, ‘अगं, मॉरिशसच्या घरासाठी आपण रात्रभर बसून प्रश्न काढले. हा फ्लॅट घेताना आम्ही दर विचारला, पार्किंग विचारलं, पूर्वेचं दार पाहिलं. आईंना विचारलंच नाही. दिवसभर घरात राहणाऱ्या त्या एकट्याच होत्या.’

आता त्यांनी जवाहर चौकाच्या बाजूला तळमजल्यावरचं जुनं घर भाड्यानं घेतलं आहे. लहान आहे, बाल्कनी नाही. जुन्या ओळीतली दोन कुटुंबं तिथं जवळपास राहतात, आणि न्यू मार्केट आजींच्या गुडघ्यांना झेपेल एवढ्या अंतरावर आहे. क्वार्टर गेलं ते गेलंच, पण आजी पुन्हा स्वतः भाजी आणतात. भाव करून आणतात, असं दाजी कौतुकानं सांगतात.

आम्हीही बेळगावात शहापूरचं जुनं घर विकून हायवेपलीकडे बंगला बांधायचा विचार करत होतो. नकाशा तयार आहे. अभ्यासिका, गच्ची, दोन गाड्यांची जागा. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. परवा मी तो नकाशा तिच्यापुढे पसरला आणि म्हटलं, ‘आई, तुला काय वाटतं?’

तिनं चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘यात अव्वांचं घर कुठाय?’

नकाशा सध्या कपाटात ठेवला आहे.